कसोंडेचे कान

लुआंग्वा नदीकाठच्या त्या जंगल-सफारीच्या कॅम्पावर डिस्मस कसोंडेला त्याच्या नावानं फारसं कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला 'कान' म्हणत. आज पाहुण्यांबरोबर कोण जाणार, असं स्वयंपाक्यानं विचारलं की उत्तर यायचं, "कान जातायत." मग स्वयंपाकी डब्यात एक पाव जास्त घालायचा, कारण कान बरोबर असले की पाहुणे वेळेवर परतत नाहीत, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. एखाद्या झुडपापाशी कसोंडे हात वर करून थांबायचा आणि मान किंचित तिरकी करायचा. त्याच्या मागची सगळी रांग श्वास रोखून उभी राहायची. कोणी दुर्बीण डोळ्याला लावायच्या आत त्यानं पक्ष्याचं नाव, तो नर की मादी, आणि तो गातोय की भांडतोय, एवढं सांगून टाकलेलं असायचं.

ही विद्या त्याला शाळेत मिळालेली नव्हती. तो मूळचा खोऱ्यातला नव्हेच. कड्याच्या वर, पठारावर त्याचं गाव, बेंबा लोकांचं. तिथं लहानपणी त्याला नाचणीची राखण करायला आत्याबरोबर पाठवत. मुलानं माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि आत्यानं खाली सावलीत आडवं व्हायचं, अशी कामाची वाटणी होती. आत्या भयंकर आळशी बाई. डोळे मिटूनच ती सांगायची, "त्याला कशाला मारतोस, तो किडे खातो. डावीकडे बघ, दाणे खाणारे तिकडे उतरलेत." पुष्कळ दिवस त्याला वाटे की आत्याला चेटूक येतं. मग एके दिवशी त्याला स्वतःलाच पाठीमागचा थवा न बघता कळला. त्यानं तो आत्याला सांगितला. आत्या म्हणाली, "चला, आता मला झोपायला हरकत नाही," आणि खरंच घोरायला लागली.

मोठेपणी तो कामाच्या शोधात कडा उतरून खोऱ्यात आला आणि कॅम्पावर भांडी घासायला लागला. राखेनं पातेली घासता घासता तो झाडावरच्या पाखरांना उलट शीळ घालायचा. मालकीणबाईंनी ते ऐकलं आणि त्याला चहाची किटली देऊन पायी फेरीच्या शेपटाला लावून दिलं. दोन-तीन हंगामांत तो रांगेच्या शेपटाकडून डोक्याकडे सरकला, परीक्षा दिली आणि वाटाड्या झाला.

पण रांगेत सगळ्यांत पुढे वाटाड्या नसतो. पुढे असतो बंदूकवाला वनरक्षक. कसोंडेच्या पुढे चालायला सरकारनं जो माणूस दिला त्याचं नाव योबे जेरे. उंच, आडव्या हाडाचा. आवाज असा, की तो बोलला की रिकाम्या पिंपात कुणीतरी दगड टाकल्यासारखं वाटावं. जेरे जातीचा न्गोनी. आणि बेंबा नि न्गोनी यांचं नातं तर सगळ्या देशाला माहीत आहे. पूर्वी त्यांनी एकमेकांचे गळे कापले, म्हणून आता त्यांनी जन्मभर एकमेकांची थट्टा करायची आणि रागवायचं नाही, अशी रीत पडली आहे. कुणी मेलं तर दुसऱ्यानं त्याच्या मयतीला जाऊन तिथंही थट्टाच करायची.

पहिल्या दिवशी जेरेनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "बेंबा? म्हणजे माकडखाऊ. बाईसाहेबांनी पाहुण्यांना माकडखाऊ दाखवायला ठेवलाय का?"

कसोंडे म्हणाला, "आणि उंदीरखाऊला सरकारनं बंदूक कशाला दिली? उंदरांसाठी तर सापळा पुरतो."

झालं. त्या घटकेपासून दोघांचं जमलं.

त्यानंतरची वर्षं कसोंडेला आठवतात ती सगळी पहाटेची. नदीवर धुरकट उजेड, पाणघोड्यांचं घोरणं, आणि समोर जेरेची पाठ. हिरव्या गणवेशाचा रंग खांद्यावर बंदुकीच्या पट्ट्याखाली तेवढा गडद राहिलेला, बाकी सगळा विटलेला. त्या पाठीमागून चालत कसोंडे पाहुण्यांना सांगत राही. हा होला म्हणतो, "कर काम, कर काम." तो कोकीळ म्हणतो, "पाऊस कुठाय?" ती शेळीसारखी बें-बें करते ती शेळी नव्हे, अंगठ्याएवढं पाखरू आहे. जेरे कधी मागे वळून बघायचा नाही. त्याला पक्ष्यांचं मुळीच कौतुक नव्हतं, निदान तो तसं म्हणायचा. "सगळे मिळून एका पातेल्याचा तळ झाकणार नाहीत," हे त्याचं पक्ष्यांविषयीचं मत. चिंचेच्या बनात चहाला थांबलं की तो झाडाला टेकून, बंदूक मांडीवर घेऊन, डोळे गवतावर ठेवून चहा प्यायचा आणि कसोंडेच्या बडबडीवर मधून मधून शेरे मारायचा. पाहुण्यांना भाषा कळायची नाही, पण तेही हसायचे.

कसोंडेनं खोऱ्यातल्याच कुंदा लोकांतली मलिता नावाची मुलगी केली. चोला नावाची लेक झाली, मोठी झाली, लग्न होऊन शहरात गेली. सप्टेंबर आला की किरमिजी वेडे राघू नदीच्या उभ्या काठात बिळं करायला येत, पुराच्या आधी उडून जात, आणि वर्ष सरलं हे त्यावरनं कळे.

आणि मग चिंचेच्या बनातून पक्षी नाहीसे व्हायला लागले.

निदान कसोंडेला तसं वाटलं. आधी एक बारका वटवट्या गेला. गवताच्या काडीवर बसून सुईसारखा आवाज काढणारा. यंदा आला नाही, असं कसोंडे म्हणाला. पुढच्या हंगामात शिंजीर गेले. तो मलिताला म्हणाला की खोरं सुकत चाललंय, वर पठारावर झाडं तोडतात त्याचा हा परिणाम. मलिता शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "अहो चोलाचे बाबा, आपल्या दारच्या पपईवर तर रोज सकाळी कालवा असतो." त्यानं ते मनावर घेतलं नाही. बायकांना काय, सगळी पाखरं सारखीच.

एका सकाळी पाहुण्यांत एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्या चालता चालता थांबल्या आणि फांदीकडे बोट करून म्हणाल्या, "किती जोरात गातोय हो हा!" कसोंडेनं वर पाहिलं. फांदीवर तोच वटवट्या होता, दोन हातांवर. चोच उघडलेली, गळा फुगून थरथरतोय, शेपटी ताणलेली. आणि आवाज नाही. कसोंडे बघत राहिला. पक्ष्यानं चोच मिटली, पुन्हा उघडली. गळा पुन्हा फुगला. जगात त्या वेळी होल्यांचा आवाज होता, बाईंचा आवाज होता, जेरेच्या बुटांखाली पाला वाजत होता. फक्त तो पक्षी मुका होता.

त्यानं नाव सांगितलं आणि पुढे निघाला.

घरी त्यानं काही सांगितलं नाही. कॅम्पावर तर नाहीच. ज्याला लोक 'कान' म्हणतात त्यानं असं कुठल्या तोंडानं सांगायचं? तो आठवणीवर काम चालवू लागला. या महिन्यात या झुडपात हाच असणार, असं धरून तो हात वर करायचा, मान तिरकी करायची, आणि डोळ्यांनी शोधायचा. बहुतेक वेळा साधायचं. पाहुणे खूश असत. पण तो घरी येऊन असा थकून पडायचा, की मलितानं त्याला हिवताप आला म्हणून दोनदा दवाखान्यात नेऊन रक्त तपासून आणलं.

याच सुमाराला समोरची पाठ विचित्र वागू लागली. जेरे चालता चालता डावा हात कमरेमागे न्यायचा आणि बोटं हलवायचा. कधी उजवीकडे दोन बोटं, कधी मूठ, कधी अंगठा वर. कसोंडेला आधी वाटलं, त्याला खाज सुटली आहे. मग ध्यानात आलं की बोटं ज्या बाजूला वळतात त्या बाजूला दरवेळी पक्षी असतो. हे कळल्यावर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चहाच्या वेळी पाहुणे जरा लांब बसलेले बघून तो जेरेजवळ गेला.

"मागे हात करून बोटं काय नाचवतोस?"

"माशी बसली होती."

"रोज बसते? आणि चिंचेपाशीच?"

जेरेनं गवतावरचे डोळे काढले नाहीत. "माकडखाऊ, आज ती तुझी शेळीसारखी बें-बें करणारी तुझ्या कानापाशी ओरडली. तू खांबासारखा उभा. काल शिंजीर. परवा ते पिवळं. मी किती दिवस बघतोय."

कसोंडेनं विचारलं, "तुला कुठली नावं माहीत?"

"इतकी वर्षं माझ्या पाठीला बडबडतोयस," जेरे म्हणाला. "मी काय दगड आहे?"

चहा निवाला तो दोघांनी तसाच पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी जेरेचा हात मागे गेला तेव्हा कसोंडेनं तो निमूटपणे वाचला. मग त्यांची त्या बोटांची एक भाषाच तयार झाली, आणि तो आख्खा हंगाम आणि त्याच्या पुढचाही त्यांनी तिच्यावर काढला. कुणाला पत्ता लागला नाही. कसोंडे पुढे सांगायचा की त्याच्या सगळ्या आयुष्यात तो जेवढं चांगलं काम करू शकला त्यातलं सगळ्यांत चांगलं त्या दोन हंगामांत झालं, कारण एकाचे कान आणि दुसऱ्याचं तोंड, अशी ती जोडी होती.

पण बोटांना सगळं सांगायला वेळ असतोच असं नाही.

नदीच्या जुन्या पात्रात एक दाट झुडुपांचा पट्टा होता. तिथं कसोंडेला एक घरटं दिसलं आणि ते दोन पाहुण्यांना दाखवायला तो वाट सोडून थोडा आत शिरला. रानरेड्याच्या पाठीवर गोचिड्या टिपणारे लाल चोचीचे पक्षी असतात. माणूस जवळ आला की ते फिस्कारत उठतात. तो आवाज ऐकला की जागच्या जागी थांबायचं आणि मागे सरायचं, हे कसोंडेनं खोऱ्यातल्या किती तरी वाटाड्यांना स्वतः शिकवलं होतं. त्या दिवशी ते त्याच्या डोक्यावरून फिस्कारत गेले आणि तो घरट्याकडे बोट दाखवून हसत होता.

त्याला ऐकू आला तो जेरेचा आवाज, "मागे!" म्हणून. मग झुडूप फुटलं. कसोंडेनं दोघा पाहुण्यांना ओढून वारुळाआड ढकललं आणि वळून पाहिलं, तर जेरे मधे उभा होता, त्यांच्या आणि रेड्याच्या मधे. जेरेनं रेड्यावर गोळी झाडली नाही. त्याच्या पुढ्यातल्या मातीत झाडली. माती उडाली, रेडा तिरका झाला आणि जेरेच्या इतक्या जवळून गेला की त्याच्या गणवेशावर शेपटीचा चिखल लागला. पुढे चहावाल्यानं पळताना टाकलेली किटली पडली होती, ती चपटी करून तो पलीकडच्या झाडीत गेला.

पाहुण्यांना वाटलं, वा, काय थरार. कॅम्पावर ते चपटी किटली हातात घेऊन फोटो काढत बसले. कसोंडे मात्र दुपार व्हायच्या आत मालकीणबाईंपुढे जाऊन उभा राहिला आणि आपल्याला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, उद्यापासून आपण पायी फेरी नेणार नाही, असं सांगून आला.

जेरे संध्याकाळी त्याच्या दारात आला तो तणतणत. "मला विचारलंस? मी आहे ना पुढे?"

"तू पुढे बघायचंस, की मागे माझ्यासाठी ऐकायचंस?" कसोंडे म्हणाला. "आज तुला तिसरं काम करावं लागलं."

"कुणाला काही झालं का?"

"नाही झालं. म्हणूनच आज सांगितलं."

जेरे उंबऱ्यावर बसला. मलितानं मक्याच्या पिठाची घट्ट नशिमा आणि भोपळ्याच्या पाल्याची दाण्याचं कूट घातलेली भाजी आणून ठेवली. तिघंही जेवली. उठताना जेरे मलिताला म्हणाला, "वहिनी, याला आता दिवसभर घरात सांभाळायचं. देव तुमचं भलं करो."

मालकीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी कसोंडेला होडीवर घेतलं. राघूंच्या काठासमोर होडी नांगरून पाहुण्यांना बसवायचं. तिथं डोळ्यांचं काम, कानांचं नाही. चिपाटा शहरातल्या इस्पितळातल्या माणसानं त्याच्या कानात निरनिराळ्या शिट्ट्या वाजवून बघितल्या आणि सांगितलं की खालच्या पट्टीचं सगळं शाबूत आहे, वरच्या पट्टीतलं गेलं ते गेलं. कानात घालायचं एक यंत्र मिळालं. ते घातलं की मलिताचं मुसळ बंदुकीसारखं वाजायचं, आणि पक्षी आले तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखे यायचे. ते शिंजीर नव्हतेच. यंत्र त्यानं चर्चसाठी ठेवलं. पाद्रीबाबांचा आवाज मुळातच पत्र्यासारखा होता, तिथं बिघडत नसे.

रविवारी जेरेला सुट्टी असायची. तो सायकलवरून कसोंडेच्या अंगणात यायचा. दोघं आंब्याखाली बसायचे. जेरे मधेच कान टवकारून म्हणायचा, "आला तुझा तो बारका."

"काय म्हणतोय?"

मग जेरे घसा खाकरायचा आणि त्याच्या त्या पिंपातल्या आवाजात वटवट्याची नक्कल करायचा. सुईच्या टोकाएवढा तो आवाज जेरेच्या तोंडून रेडा शिंकल्यासारखा निघे. मलिता पदर... छे, खांद्यावरचा चितेंगे तोंडाला लावून हसायची. कसोंडेही हसे. पण हसता हसता तो डोळे मिटे. जेरेची लय बरोबर असायची, थांबे बरोबर असायचे. पट्टी तेवढी चुकीची, आणि ती कसोंडेला मनातल्या मनात वर चढवता येई. तसं केलं की क्षणभर तो पक्षी पूर्ण ऐकू यायचा, नाचणीच्या शेतात ऐकला होता तसा, आत्याच्या घोरण्यासकट. असे किती तरी रविवार गेले. त्याला ते पुरेसं वाटत होतं.

जेरे रजेवर गावी गेला असताना वारला. ताप आला, दोन दिवस अंथरुणावर होता, आणि गेला. निरोप कॅम्पावर आला, आणि कसोंडे मिळेल त्या लॉरीत बसून डोंगराकडल्या त्या गावी पोचला, तेव्हा खड्डा खणून झाला होता आणि बायकांचं रडणं टिपेला पोचलं होतं.

बेंबा आलाय, हे कळताच लोक बाजूला झाले. आता त्यानं आपलं काम करायचं होतं. कसोंडेला सगळ्या वाटेनं एकही थट्टा सुचली नव्हती. तो खड्ड्याच्या काठाशी गेला, आत पाहिलं, आणि चपला काढून आत उतरला. खाली मांडी घालून बसला.

"मी नाही उठत," तो म्हणाला. "हा उंदीरखाऊ जन्मभर माझ्या पुढे चालला. मला त्याच्या पाठीशिवाय काही दिसलं नाही. आता इथंही पुढे? यावेळी पाळी माझी होती. मी वयानं मोठा आहे. सांगा त्याला, मागे हो म्हणून."

लोक हसले. एक म्हातारी तर रडता रडता मधेच खो खो हसली. जेरेच्या थोरल्या भावानं रीतीप्रमाणे एक कोंबडी पुढे केली, ही घे आणि ये वर म्हणाला. कसोंडे म्हणाला, कोंबडी लंगडी आहे, न्गोनींनी तिचा पाय आधीच खाल्लेला दिसतो. पुन्हा हसणं झालं. भावानं दुसरी कोंबडी मागवली. ती आली, आणि कसोंडेला आता उठायला हवं होतं, पण तो बसूनच राहिला. हसणं हळूहळू ओसरलं. मग तो भाऊच गुडघ्यावर बसला, हात खाली दिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "चल, दादा." कसोंडेनं तो हात धरला.

संध्याकाळी तो भाऊ त्याच्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "आमचा योबे सुट्टीवर आला की पहाटे सगळ्या घराला उठवायचा. ऐका, हा अमका, तो तमका. आम्ही म्हणायचो, अरे तुला सरकारनं बंदूक दिलीय की पिंजरा? तर म्हणायचा, मला एका माकडखाऊनं शिकवलंय, खोऱ्यात त्याच्याएवढे कान कुणाचे नाहीत."

"कधी म्हणाला?" कसोंडेनं विचारलं.

"नेहमीच. या खेपेलाही."

कसोंडेनं मान हलवली.

त्या वर्षी सप्टेंबरात राघू आले तेव्हा होडीवर पाहुणे नव्हते असा एक दिवस मिळाला. कसोंडे घरून निघत होता, तेव्हा मलिता शेंगांची टोपली काखेला मारून म्हणाली, मीही येते. इतक्या वर्षांत ती कधी आली नव्हती. दोघं काठासमोर होडीत बसली. समोर सगळा काठ किरमिजी झाला होता. बिळांतून पक्षी सुटत होते, वळत होते, पाण्यावर त्यांचा लाल रंग हलत होता. मलिता शेंगा फोडत थोडा वेळ बघत राहिली.

"काय गलका करतात हो," ती म्हणाली.

कसोंडेला त्या गलक्यातला खालचा थर तेवढा येत होता, लांब कुठेतरी लाह्या फुटाव्यात तसा.

"कसा गलका?" त्यानं विचारलं. "करून दाखव."

"मी? मला काय येतंय!" ती म्हणाली. मग तिनं नदीच्या दोन्ही काठांवर कुणी नाही ना ते नीट पाहून घेतलं, तोंडातला दाणा गिळला, आणि करून दाखवायला लागली.